फट

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडमध्ये दबलेलं माझं गॅरेज.
केरबाअण्णा खाडे निगव्याहून आले सकाळीच,
पांढरी व्हॅन, मागं गुळाचे रवे, पुढं पिवळा दिवा.
"इंजिनाचं चित्र पेटतंय," म्हणाले.
"दोघांनी बगितलं. दोघांनीबी सेन्सर बदलला.
दिवा हाय तसाच, आन पेट्रोल पिती म्हशीगत."

स्कॅनर लावला.
स्कॅनर म्हणाला, हवा जास्त, पेट्रोल कमी.
का, ते तो सांगत नाही.
आमच्यातले अर्धे इथंच थांबतात
आणि निरोप्यालाच बदलून टाकतात.

अण्णा स्टूल ओढून बसले. "मला समजून सांग."
तर सांगितलं:
धुराच्या वाटेवर, इंजिनाला लागून,
अंगठ्याएवढा बोल्ट आहे.
एका अंगाला जळका धूर, दुसऱ्या अंगाला गल्लीतली हवा.
दोन्हीतल्या ऑक्सिजनचा फरक तो विजेत बोलतो,
तेही कुजबुजून, एक व्होल्टसुद्धा भरत नाही.
पेट्रोल वाढलं की पॉइंट नऊ, हवा वाढली की पॉइंट एक.
धड असला तर एका जागी ठरत नाही,
वर खाली, वर खाली.
गार असला तर बोलतच नाही,
म्हणून पोटात त्याच्या हीटर.
"आमचा थोरला असाच," अण्णा म्हणाले,
"तापल्याबिगर तोंड उघडत न्हाई."

पडद्यावर रेघ पॉइंट एकला चिकटलेली.
हवेच्या पाइपात थोडा गॅस सोडून बघितला.
रेघ उडाली थेट नऊवर.
म्हणजे जिवंत आहे, आणि खरं बोलतोय.
मग खोटं कुठं आहे?
व्हॅक्यूमचे पाइप तपासले, पेट्रोलचा दाब तपासला.
सगळं ठीक, आणि दुपारचा एक वाजलेला.
दस्तगीर उस्ताद असते
तर सायलेन्सरला रुमाल लावून हुंगले असते.
मला त्यांनी सगळं शिकवलं,
नाक तेवढं त्यांच्याबरोबर गेलं.

अण्णा डबा सोडता सोडता बोलले,
मला नाही, भाकरीला बोलल्यासारखे:
"गुऱ्हाळावर एका साली असंच झालं.
धूर पातळ दिसायचा. म्या म्हणायचो,
शिरप्या, जाळ कमी घालतोस.
पोरगं चिपाडं कोंबायचं, कोंबायचं.
पाक करपला, गूळ काळा निघाला.
मागनं कळलं, धुराड्याच्या बुडाला फट हुती.
भाइरची हवा आत वडायची,
आन वर धूर बगून शिव्या देणारा म्या."

मी पान्हा खाली ठेवला.

इंजिन गार होऊ दिलं तासभर.
चालू केलं, कान लावला.
टिक, टिक, टिक.
तापल्यावर लोखंड फुगतं, आवाज मिटतो,
म्हणून कुणाला ऐकू आला नव्हता.
सेन्सरच्या वर चार बोटांवर, गॅस्केटच्या कडेला
काजळीची एक रेघ, कुणीतरी डोळ्यात घालताना ओघळावी तशी.
दर ठोक्यानंतर तिथून गल्लीची हवा आत जायची,
सेन्सर ती हुंगायचा, कॉम्प्युटर घाबरून पेट्रोल वाढवायचा.

गॅस्केटचे दोनशे चाळीस, मजुरी वेगळी.
रेघ नाचायला लागली.

डॅशबोर्डातून अण्णांनी पेपरात गुंडाळलेलं काढलं,
काढून टाकलेला पहिला सेन्सर.
व्हाइसमध्ये धरून टॉर्चचा जाळ दिला,
मीटर चढला, पॉइंट आठ, पॉइंट साडेआठ.
"चांगला होता हा."
अण्णा बराच वेळ मीटरकडं बघत राहिले.
"शिरपा इचलकरंजीला असतो आता, मागावर," म्हणाले.
"एका हंगामाची मजुरी कापलेली त्याची."

गरम होता तरी सेन्सर पेपरात बांधून खिशात घातला,
एक रवा माझ्या टेबलावर ठेवला.
निगव्याची वाट पंचगंगेकडं.
व्हॅन शिरोली नाक्याकडं वळली.